पाटीवरच्या गाई

आयरिश माणूस चीज वाढण्याआधी त्याची ओळख करून देतो. जेवण आटोपलेलं असतं, पाहुणे खुर्चीत सैलावलेले असतात, आणि यजमानीणबाई काळ्या दगडाची एक लांबट पाटी दोन्ही हातांनी धरून आत येतात. पाटीवर पाच तुकडे. मध्ये बिस्किटं, एका कडेला द्राक्षं, वाटीत कसलंसं आंबटगोड. एखादा नवखा पाहुणा सुरीकडे हात नेतो, तेवढ्यात बाई पहिल्या तुकड्याकडे बोट दाखवतात. हे कुठल्या द्वीपकल्पावरचं, बनवणारं जोडपं कोण, दोघं आधी काय करायची, गाई किती, आता कारभार मुलगा बघतो की मुलगी, आणि त्या मुलाच्या लग्नात आपला चुलतभाऊ कसा जेवून आला होता. मग दुसरा तुकडा. पाचव्याची ओळख संपते तेव्हा पहिला पाघळून पाटीच्या काठाशी आलेला असतो. चीज खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवावं, असं इथले सगळे जाणकार बजावतात. गार चीजला चव नसते, हे ते कारण देतात. मला वाटतं, तो तास ओळखींसाठी राखलेला आहे.

फ्रान्समधल्या नावाजलेल्या चीजचं वय शेकड्यांत असतं. त्याचा मूळपुरुष कोण, हे विचारायची सोय नाही. फार मागे गेलात तर एखादा मठातला साधू हाती लागतो. आयर्लंडमधल्या शेतघरांतल्या चीजचं वय पन्नाशीच्या आत-बाहेर. म्हणजे आम्ही बरोबरीचे. यांचे मूळपुरुष, खरं तर बहुतेक मूळस्त्रियाच, परवापरवापर्यंत बाजारात समोरून यायच्या. त्यामुळे इथे चीजबद्दल बोलणं म्हणजे माणसांबद्दल बोलणं, आणि माणसांबद्दल बोलायला मिळालं की आयरिश माणूस घड्याळ बघत नाही.

आता प्रश्न असा की, जिथे माणसं पन्नास लाखांच्या थोडी वर आणि गुरं सत्तर लाखांच्या आसपास आहेत, त्या देशात चीज इतकं उशिरा का उगवलं? तर उशिरा नव्हे, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा इथे चीज इतकं होतं की त्याने माणसं मारता यायची. जुन्या कथांमधली कॉनॉटची राणी मेव्ह लॉक री नावाच्या सरोवरातल्या बेटावर रोज आंघोळीला जायची. तिचा भाचा फुरबाडे तिच्यावर डूख धरून होता, कारण त्याच्या आईचा जीव मेव्हनेच घेतला होता. त्याने दोरीने काठापासूनचं अंतर मोजून घेतलं, गोफणीचा सराव केला, आणि राणी दिसली त्या दिवशी तो नेमका चीज खात बसला होता. दगड शोधायला वेळ नव्हता. त्याने हातातला तुकडा गोफणीत घातला. राणी जागीच गेली.

ही गोष्ट मी आईला सांगितली. आई कराडजवळच्या गावची. जन्म गोठ्यात आणि दूध संघाच्या रांगेत गेलेला. कॉर्कला माझ्याकडे उन्हाळ्यापर्यंत राहायला आली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिळं असणार."

मध्ययुगातल्या एका आयरिश विनोदी कथेत तर मन्स्टरच्या राजाच्या पोटात अधाशीपणाचा राक्षस शिरतो आणि मॅक कॉन ग्लिन नावाचा विद्वान त्याला खाण्याच्या नुसत्या वर्णनांनी बाहेर काढतो. दुधाचं सरोवर, त्यात चरबीची होडी, असं ते वर्णन. हा माणूस आज असता तर उपाहारगृहांची मेनुकार्डं लिहून सुखाने जगला असता.

मग सतराव्या शतकात जमिनी इंग्रजांकडे गेल्या, आणि पुढे दुधाचं काय करायचं हे गाव ठरवेनासं झालं, बाजार ठरवू लागला. बाजाराला लोणी हवं होतं. १७७० साली कॉर्कमध्ये लोण्याचा बाजार उभा राहिला. खारवलेलं लोणी लाकडी पिंपांत भरून थेट वेस्ट इंडीजपर्यंत जायचं. एके काळी जगात लोण्याचा एवढा मोठा बाजार दुसरा नव्हता. शेतकऱ्याच्या घरात उरलं ताक आणि बटाटे. चीज करायची विद्या हळूहळू विस्मरणात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सहकारी क्रीमरी आल्या आणि विसाव्या शतकात त्यांनी चेडर करायला घेतलं, ते बरंचसं ब्रिटनला जायचं आणि अजूनही जातं. घरच्या पोरांना मिळायचा चांदीच्या कागदातला मऊ, पिवळा, प्रक्रिया केलेला ठोकळा. आपल्याकडच्या निळ्या डब्यातल्या चीजवर वाढलेल्या माणसाला इथल्या साठीच्या पिढीशी बोलताना अजिबात परकं वाटत नाही, ते यामुळे.

त्या काळात आयर्लंडने चीजच्या क्षेत्रात जगाला एकच भरीव देणगी दिली. १९५४ साली डब्लिनमध्ये टेटो कंपनी सुरू झाली आणि तिने बटाट्याच्या वेफर्सना चीज आणि कांद्याची चव लावली. आज जगभर पोरं त्या चवीची पाकिटं फोडतात. ही चव आयरिश आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि त्यात चीज कितपत आहे हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

दुसऱ्या जन्माची सुरुवात मात्र एका गाईपासून झाली, आणि पाटीवर पहिला मान तिच्या चीजला असतो. नॉर्मन स्टील हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. ते आणि त्यांच्या पत्नी व्हेरोनिका कॉर्कच्या पार पश्चिमेला, बेअरा द्वीपकल्पावर राहायला आले. दारात एक गाय होती. तिचं नाव ब्रिस्केट. (खाटकाच्या दुकानात हे नाव कशाला असतं, ते मी आईला सांगितलं नाही.) या ब्रिस्केटला एकच शिंग होतं, दुसरं ती वसंतात उतारावरून उधळली तेव्हा मोडलं. दूध मात्र रोज तीन गॅलन, म्हणजे साडेतेरा लिटर. खाणारी तोंडं मोजकी. प्यायलं, विरजलं, तरी दूध उरायचं. व्हेरोनिकाबाईंनी चीजचे प्रयोग सुरू केले, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यातून मिलीन्स जन्माला आलं. आजच्या आयरिश फार्महाउस चीजची वंशावळ इथून मोजतात.

आईने ही गोष्ट फार लक्ष देऊन ऐकली. "एकशिंगी गाय बाजारात कोण घेणार?" ती म्हणाली. "नेली असती तर भाव पडला असता. म्हणून ठेवून घेतली असणार. मग दुधाचं काहीतरी करायला लागलंच." आयरिश चीजच्या पुनरुज्जीवनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हे कारण माझ्या वाचनात कुठेही आलेलं नाही, आणि मला ते सगळ्यांत पटतं.

एकदा रस्ता दिसल्यावर माणसं धावत सुटली. १९७९ साली तर कॉर्कच्या हवेतच काहीतरी होतं. शीप्स हेड द्वीपकल्पावर जेफा गिल यांनी डरस सुरू केलं, स्कलजवळ टॉम आणि जियाना फर्ग्युसन यांनी गबीन, आणि डोंगरातल्या कूलिया गावात विलेम्स नावाचं डच जोडपं स्वतःच्या देशासारखं गौडा मिळत नाही म्हणून घरीच करायला बसलं. शॅनागॅरीच्या बॅलिमलू हाउसमध्ये १९६४ पासून उपाहारगृह चालवणाऱ्या मर्टल अॅलन यांनी असली चीजं आपल्या टेबलावर मानाने मांडली. पुढे १९८४ मध्ये टिपेररीत जेन आणि लुई ग्रब यांनी कॅशेल ब्लू काढलं; शेतघरात बनलेलं पहिलं आयरिश निळं चीज. कॅव्हनमध्ये एक जर्मन बाई शेळीच्या दुधाला लागल्या, गॉलवेत आणखी एक डच बाई. वेस्ट कॉर्कमध्ये बाहेरून येऊन राहिलेल्याला ब्लो-इन म्हणतात, वाऱ्यावर उडून आलेला. तीस-चाळीस वर्षं राहिलात तरी ब्लो-इनच. देशाची शान म्हणून जी पाटी पाहुण्यांपुढे येते, तिच्यावरची निम्मी मंडळी अशी वाऱ्याने आणलेली आहेत, ही गोष्ट यजमानीणबाई कधी बोलून दाखवत नाहीत. गाई इथल्या आहेत, यावर सगळं भागतं.

याउलट, ज्याचं नाव डब्लिनर आहे ते प्रसिद्ध चीज डब्लिनमध्ये बनतच नाही. ते कॉर्क जिल्ह्यातल्या बॅलिनीनचं. कॉर्कच्या माणसाला हा विषय काढून द्यावा आणि आपण सावकाश जेवून घ्यावं.

अशी पाटी आपणही एकदा मांडावी, हे बायकोने ठरवलं. पाहुणे तीन: शेजारीणबाई, मूळच्या टिपेररीच्या शेतकरी घरातल्या, त्यांचे यजमान, जे फारसं बोलत नाहीत, आणि माझा एक नागपूरकर मित्र, ज्याने वाइन चाखण्याचा वर्ग केला आहे आणि तेव्हापासून पाणीसुद्धा ग्लास फिरवून पितो. तारीख ठरली, निरोप गेले, आणि मग आईने बॅगेतून आणलेलं कॅलेंडर उघडून सांगितलं की त्या दिवशी कामदा एकादशी आहे.

"पण चीज दुधाचंच ना?" बायको म्हणाली. "मग आई, तुम्हाला चालेल की."

या वाक्याचे परिणाम पुढे आले.

खरेदीला कॉर्कच्या इंग्लिश मार्केटात जावं. १७८८ पासून ते तिथेच आहे, आणि चीजच्या काचेपुढे उभं राहिलं की विक्रेता प्रत्येक चीजचा कपटा सुरीच्या टोकावर पुढे करतो. हे फुकट आहे. आईच्या दृष्टीने मार्केटचा हा एकमेव गुण होता. किलोचा भाव तीस युरोंच्या पुढे ऐकून तिने मनातल्या मनात हिशेब घातला आणि विचारलं, एक किलोला दूध किती लागतं? कडक चीजला साधारण दहा लिटर, मी म्हणालो. "मग निवळी नऊ लिटर. ती कोण घेतं?" विक्रेत्याला मी हा प्रश्न इंग्रजीत विचारला, तेव्हा त्याने आईकडे प्रथमच नीट पाहिलं. गबीनच्या शेतावर निवळी डुकरांना पाजतात, तो म्हणाला, आणि त्या डुकरांचं सलामी आणि बेकन त्याच घरचा मुलगा फिंगल फर्ग्युसन बनवतो. म्हणजे गबीनचं चीज आणि त्याच्या शेजारी गबीनचं सलामी मांडलं, की एकाच दुधाचा वरचा आणि खालचा हिस्सा पाटीवर पुन्हा भेटतो. आईला हा व्यवहार अतिशय आवडला. "काही वाया नाही," ती म्हणाली. सलामीचं पाकीट मात्र एकादशी होईपर्यंत फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, वरून पालेभाजी झाकून ठेवावं लागलं.

फ्रिजचा दुसरा प्रश्न मिलीन्सचा. याची साल पिकताना मिठाच्या पाण्याने वारंवार पुसतात. त्या ओलाव्यावर नारिंगी रंगाचे जिवाणू धरतात आणि वास तेच आणतात. यातला एक प्रमुख जिवाणू माणसाच्या पायांवरही सुखाने नांदतो, ही माहिती शास्त्रीय आहे आणि जेवताना सांगू नये. गबीनच्या सालीवर तर शास्त्रज्ञांना एक नवीनच जिवाणू सापडला आणि त्याचं अधिकृत नाव मायक्रोबॅक्टेरियम गबीनेन्सी ठेवलं गेलं. माझी बायको रत्नागिरीची. सुके बोंबील या घरात भाजायचे नाहीत, शेजारी काय म्हणतील, हा दंडक तिचाच. मिलीन्स फ्रिजमध्ये आल्यापासून दूध, काकडी आणि बर्फ या सगळ्यांना त्याचा वास लागला, तरी ती काही बोलली नाही. तीस युरो किलोच्या वासाला वास म्हणत नाहीत.

मांडणीचे नियम पुस्तकांत असतात. चीज विषम संख्येत असावं. सौम्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने उग्राकडे जावं. एक शेळीचं, एक मऊ, एक कडक, एक वासाचं, एक निळं. आईला हे समजावून सांगायला लागलं नाही. ताटात मीठ वर मध्यावर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, हे ज्याला पाठ आहे त्याला पाटी परकी नाही. फक्त इथे डावं-उजवं करायला भातच नाही, म्हणून मध्ये बिस्किटं. आईने पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, नखाने खरवडली. "अरे, ही तर शाळेतली पाटी." एवढ्या पैशांत आमच्या गावच्या सगळ्या पोरांना पाट्या आल्या असत्या, हे तिने जोडलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

सौम्य म्हणून क्लेअर जिल्ह्यातलं सेंट टोला घेतलं, शेळीचं. शेळ्या हिवाळ्यात आटतात, त्यामुळे वसंतात त्याला बहर. मग गबीन, मग दीड-दोन वर्षं मुरलेलं कूलिया, मग मिलीन्स, आणि शेवटी कॅशेल ब्लू. कूलियाबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण माझं मत असं की पाटीवर बाकी चारही नसली तरी चालेल. कोवळं असताना ते अगदी गरीब असतं. मुरलं की त्यात खमंग-गोड, खरपूस साखरेच्या जवळ जाणारी चव उतरते, आणि मधूनच दाताखाली बारीक खडे येतात. ते मीठ नव्हे. प्रथिनं मोडून तयार झालेले स्फटिक. नागपूरकर मित्र त्यांना 'क्रंच' म्हणतो. आई खात असती तर तिने तांदूळ निवडलेले नाहीत असं म्हटलं असतं.

पण आई खात नव्हती. एकादशीचा न्यायनिवाडा दुपारीच झाला होता. चीज होण्यासाठी दूध जमवावं लागतं आणि त्यासाठी रेनेट वापरतात. परंपरेने ते वासराच्या पोटातून येतं. हे बायकोने नको तितक्या प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही रविवारी मटण खाणारी माणसं, वासराच्या पोटाने आमचं एरवी काही अडत नाही. पण एकादशी म्हणजे एकादशी. आईने चष्मा लावला आणि मी लेबलं वाचायला बसलो. जिथे शाकाहारी रेनेट असं स्पष्ट छापलेलं नाही, ते बाद. अशी एकेक शुभ्र, निष्पाप चेहऱ्याची मंडळी बाहेर पडत गेली आणि शेवटी निळ्या-हिरव्या बुरशीने भरलेलं कॅशेल ब्लू तेवढं उरलं. त्याचं रेनेट शाकाहारी. बायकोचा चेहरा उजळला.

आईने तुकडा उजेडात धरून पाहिला. "ही बुरशी ना?"

"हो. पण मुद्दाम घातलेली."

"म्हणजे अळंबीचीच जात. अळंबी उपासाला चालत नाही."

यावर अपील नव्हतं. पाटीवरचं जे काही आईला चाललं ते म्हणजे बदाम आणि द्राक्षं. द्राक्षांच्या पाकिटावर मूळ देश भारत असं छापलेलं होतं. एप्रिलमध्ये नाशिककडची द्राक्षं युरोपभर पोचलेली असतात, आयर्लंडही त्यातच. सबंध संध्याकाळ आई आयरिश चीजच्या पाटीसमोर बसून नाशिकची द्राक्षं खात होती, आणि गोड आहेत म्हणून इतरांना आग्रह करत होती.

जोड्यांचं खातं मित्राकडे होतं. कुठल्या चीजबरोबर काय प्यावं, याला इथे एक सोपं सूत्र आहे: जे जवळ पिकतं ते. द्राक्षाची वाइन आयर्लंडात होत नाही म्हटलं तरी चालेल, पण सफरचंद होतात, जव होतात. मिलीन्ससारख्या वासाच्या चीजबरोबर सफरचंदाची कोरडी सायडर. तिचा आंबटपणा वासाला जागेवर ठेवतो. कॅशेल ब्लूबरोबर काळी स्टाउट बिअर, किंवा नुसता मध आणि पेअर. गबीनबरोबर टोमॅटोचं आंबटगोड रेलिश. सेंट टोलाबरोबर बीट. स्टाउट म्हटलं की बाहेरच्या माणसाला गिनेस आठवते, पण कॉर्कमध्ये हे नाव घेताना आजूबाजूला बघावं; इथल्या माणसाची निष्ठा मर्फीज नाहीतर बीमिशवर असते. आणि मुरलेल्या कूलियाबरोबर पॉट स्टिल व्हिस्की, जी मोड आणलेले आणि न आणलेले असे दोन्ही जव मिसळून करतात. अठराव्या शतकात सरकारने मोड आणलेल्या जवावर कर बसवला, तेव्हा गाळणाऱ्यांनी मोड न आणलेले जव मिसळायला घेतले. कर चुकवता चुकवता चव सापडली. असे शोध सरकारमुळेच लागतात.

मित्राने मिलीन्सचा तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले. "काकू, याला ओल्या गवताचा वास आहे."

"गाय दुसरं काय खाणार?"

"आणि मागून थोडा गोठ्याचा."

आई द्राक्ष खाता खाता थांबली. "म्हणजे धार काढताना कास नीट धुतलेली नाही."

हे मी शेजारीणबाईंना इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, माझी आईही अगदी हेच म्हणायची. तिथून पुढे पाटीचं कुणाला काही राहिलं नाही. आई आणि शेजारीणबाई माझ्या डोक्यावरून गाईंविषयी बोलू लागल्या आणि मी मधला दुभाषा. शेजारीणबाईंनी सांगितलं, १९८४ पासून २०१५ पर्यंत युरोपात दुधाला कोटा होता. ठरल्यापेक्षा जास्त दूध घातलं तर दंड. आईने मला हे वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. "जास्त दूध दिलं म्हणून दंड?" आमच्याकडे संघ एखाद्या दिवशी दूध नको म्हणायचा, तेव्हा आम्ही काय शिव्या घालायचो, ती म्हणाली; त्या शिव्या मी भाषांतरित केल्या नाहीत. शेजारीणबाई म्हणाल्या, म्हणूनच तर पुढे आणखी लोक चीजकडे वळले. दूध वाढवता येत नाही, तर आहे त्याच दुधाचे जास्त पैसे कसे होतील ते बघायचं. आईने मान डोलावली. एकशिंगी गाईच्या सिद्धांताला कोट्याची जोड मिळाली आणि तिच्यापुरता आयर्लंडचा आर्थिक इतिहास पूर्ण झाला.

एवढ्यात शेजारीणबाईंच्या यजमानांनी सुरी उचलली आणि कॅशेल ब्लूच्या त्रिकोणाचं टोक आडवं कापून स्वतःच्या बशीत घेतलं. मित्र जवळजवळ उभा राहिला. चीजच्या त्रिकोणाचं नाक कापायचं नसतं. आतला सगळ्यांत मऊ भाग तिथे असतो, म्हणून कडेने लांबट काप घ्यायचा, म्हणजे प्रत्येकाला आतलं आणि सालीजवळचं दोन्ही मिळतं. नागपूरच्या माणसाने हे टिपेररीच्या जावयाला टिपेररीच्या चीजबद्दल सविस्तर समजावलं. यजमानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कोटाच्या खिशातून टेटोचं चीज-कांद्याचं पाकीट काढलं, एका वेफरवर ते कापलेलं नाक ठेवलं आणि तोंडात टाकलं. त्यानंतर मित्रानेही एक वेफर मागितला. नंतर तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला की जोडी वाईट नाही, पण हे कुणाला सांगू नकोस.

द्वादशीला सकाळी आईने उपास सोडला आणि उरलेल्या पाटीकडे मोर्चा वळवला. सगळं क्रमाने खाल्लं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, मधे घोट घोट चहा घेत. सेंट टोला: "शेळीचं आहे, लपत नाही." मिलीन्स: "वासाला वाईट, तोंडाला बरं." कूलियाचा तुकडा तिने बराच वेळ चघळला आणि दुसरा घेतला, हे तिचं मत. कॅशेल ब्लूला हात लावला नाही. अळंबी एकादशीपुरतीच बाद, असं मी म्हणालो. ती म्हणाली, एकादशीने डोळे उघडले.

मग विचारलं, "सगळ्या गाईच. म्हैस नाहीच का या देशात?"

आहे, मी म्हणालो. याच जिल्ह्यात, मॅक्रूमजवळ. एका शेतकऱ्याने २००९ च्या सुमाराला इटलीहून म्हशी आणल्या, त्यांच्या दुधाचं मोझरेला होतं.

आईला मी मोहरचे कडे दाखवायला नेणार होतो. ब्लार्नीचा तो दगड, ज्याचं चुंबन घेतलं की माणूस बोलका होतो, तोही यादीत होता. दोन्ही रद्द झाले. पुढच्या रविवारी शेजारीणबाईंनी गाडी काढली, आई पुढे बसली, मी मागे दुभाषा. मॅक्रूमच्या बाहेर एका कुंपणापाशी गाडी थांबली. पाऊस होताच. पलीकडे म्हशी गुडघाभर हिरव्या गवतात उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. आईने छत्री माझ्या हातात दिली, कुंपणावर दोन्ही कोपर टेकले आणि एकेकीला पायापासून शिंगापर्यंत पाहून घेतलं. मग शेजारीणबाईंना विचारायला सांगितलं, फॅट किती लागते?

सात-आठ तरी असेल, मी परस्पर म्हणालो.

"तू गप्प बस. त्यांना विचार."

शेजारीणबाईंनी पलीकडून ट्रॅक्टरवर चाललेल्या एका पोराला हाक मारली. पोराने इंजिन बंद केलं, टोपी मागे सरकवली आणि आकडा सांगण्याआधी म्हशींची ओळख करून द्यायला सुरुवात केली.